तोडीची वेळ

आमच्या शेजारच्या काकूंकडे फोनो होता आणि कपाटभर तबकड्या. त्यांची यादी काकूंनी एका लांबट वहीत स्वतःच्या हाताने केली होती. गाणाऱ्याचं नाव त्यात शेवटी यायचं, आधी वेळ. सकाळ, दुपार, तिन्हीसांज, रात्र. राग ज्या वेळेचा, त्याच वेळी तबकडी वाजायची. एकदा मुंबईचे पाहुणे रात्रीच्या जेवणानंतर म्हणाले, भैरव ऐकवा. काकूंनी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "सकाळी या. गंगेवर आंघोळ करून आलात तर बरंच." गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या आमच्या पंचवटीत काकूंशी हुज्जत घालणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

त्या थंडीत माझ्या वडिलांना, अण्णांना, न्यूमोनिया झाला. सकाळपर्यंत काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दिवेलागणीला अण्णांनी तोडी ऐकायला मागितली. तोडी म्हणजे सकाळचा राग. काय ऐकावं लागणार हे ठाऊक असूनही मी काकूंकडे गेलो.

काकूंनी वही पाहिली, तबकडी काढली आणि फोनो माझ्या हातात दिला. आमच्या दाराशी आल्यावर मात्र त्या आत येईनात. बादलीभर पाणी मागवून त्यांनी अंगणात सडा घातला, आणि कंदिलाच्या उजेडात ठिपक्यांची रांगोळी काढली. आई रडायची थांबून बघत राहिली. मग काकूंनी आत येऊन चावी भरली, पिन बदलली.

"उठा अण्णा," त्या म्हणाल्या, "उजाडलं."