सलीम सरांचा नंबर

सलीम सर गेल्याचं मला तालुक्याच्या बैठकीत कळलं. सगळे उठलो, स्तब्ध राहिलो, खाली बसलो आणि पडद्यावरचा तक्ता पुढे सरकला. ज्यांची माहिती आली नव्हती त्या शाळांची नावं वाचली गेली. त्यात आमचीही होती.

नांदुऱ्याजवळच्या आमच्या दोन शिक्षकी शाळेचे सर मुख्याध्यापक, मी सहशिक्षिका. कापूस फुटला की आमची अर्धी पोरं आईबापांबरोबर पराटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात. बीटीचं बियाणं आलं तशी पराटी वाढली, पुढे बोंडअळी आली आणि घाईघाईनं वेचणीला पोरांचेही हात लागू लागले. सरांनी गावाला विचारून शाळा भल्या सकाळी भरवली; वाचन, गणित उरकायचं, मग पोरं शेतात. पोरं वाचायला लागली होती हो... एकदा तपासणीला साहेब दुपारी आले, शाळा रिकामी दिसली, खुलासा मागितला. सरांनी खरं ते लिहिलं. शाळाबाह्य मुलांच्या तक्त्यातही गळालेल्या पोरांची नावं घातली. केंद्रप्रमुख तो तक्ता परत घेऊन आले.

"सर, निरंक लिवा न. काऊन डोक्याले ताप करून घेता?"

"पोरं पराटीत हायेत अन् मी निरंक लिवू? मंग तुम्हीच या वेचाले."

केंद्रप्रमुख हसले. वर तक्ता निरंकच गेला, म्हणजे शाळाबाह्य मूल एकही नाही; सकाळची शाळा बंद झाली. त्या शब्दाची मला तेव्हापासून किळस आहे.

पुढे सर वर्गात कमी आणि पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावर जास्त दिसायचे, कारण रेंज तिथंच. हात धुणाऱ्या पोरांचा फोटो, झाडाचा फोटो, संडासाचा फोटो, सगळं पोर्टलवर चढवायचं. तेच वर्गात फळ्यापाशी उभे राहिले की शेवटच्या रांगेतलं पोरगंही मान वर करायचं.

त्या सकाळी मी बैठकीला निघताना त्यांचा फोन आला. छाती भरून आल्यासारखी वाटते म्हणाले. मी सांगितलं, शाळेला कुलूप लावा आणि आधी खामगावला दवाखान्यात जा.

"मॅडम, बारापर्यंत माहिती मांगतली हाय. तेवढी पाठवतो न निंगतो."

ओट्यावरच गेले. कागदानं मारलं असं मी म्हणणार नाही, डॉक्टर वेगळं नाव सांगतात.

मातीहून परतलो तोच कार्यालयातून मला फोन. वाईट झालं म्हणाले, आणि पोर्टलचा ओटीपी सरांच्या मोबाइलवर येतो, तो घरून मागून घ्या म्हणाले. तेव्हापासून रोज माहिती भरताना मी सरांच्या पत्नी शमीम भाभींना फोन लावते. त्यांनी तो मोबाइल चार्जिंगला लावून ठेवलाय.

परवा त्यांनी विचारलं, "मॅडम, ये नंबर अब बंद कर दूं?"

मी म्हटलं, "थांबा भाभी. नंबर बदलायचा अर्ज परत आलाय. त्यावर सरांची सही मागतात."

मग भाभींनी ओटीपीचे आकडे वाचून दाखवले.