सहा राण्यांचा राजा आणि अंबुबाई

वडगावात शामू विणकराच्या घरी दोन माग होते आणि दोन बायका. थोरली अंबुबाई, धाकटी जयाबाई. गल्लीत कुणाला यात नवल वाटत नसे. विणकराच्या घरात बाई आली की कांड्या भरायला, ताणा लावायला, सुताला खळ द्यायला दोन हात वाढतात, आणि त्या हातांना मजुरी लागत नाही.

अंबुबाई अकराव्या वर्षी या घरात आली. दोन पोरं झाली, दोन्ही देवीच्या साथीत एकाच आठवड्यात गेली. पुढं पाळणा हलला नाही. शामूनं दुसरी करायची ठरवली, तेव्हा मुलगी बघायला अंबुबाईच गेली आणि जयाबाईला पसंत करून आली. दोघी कधी भांडल्या नाहीत. भांडायला काहीतरी हवं असावं लागतं. अंबुबाईला पोरं गेल्यापासून काही हवं असं वाटतच नव्हतं. पहाटे उठायची, रहाटाशी बसायची, हाक आली की भाकरी थापायला उठायची.

चौतीस सालच्या दिवाळीनंतर बेळगावच्या कॅम्पातल्या थेटरात एक इंग्रजी बोलपट लागला. विलायतेतल्या जुन्या राजाचा. त्यानं म्हणे सहा बायका केल्या होत्या. शहापूरच्या लुगड्यांच्या व्यापाऱ्यानं बायकांच्या दुपारच्या खेळाचे पास आपल्या विणकरांच्या घरी वाटले. शामूनं दोन पास आणून देवळीत ठेवले आणि म्हणाला, "जावा दोघी. तासभर रहाट थांबला तर चालतंय."

थेटर बायकांनी भरलं होतं. पडद्याशेजारी एक मास्तर हातात छडी घेऊन उभे होते, ते मराठीत समजावून सांगत. राजा चांगला गलेलठ्ठ, कमरेवर हात ठेवून पाय फाकून उभा राहायचा. तो जेवायला बसला की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. "वडगावातबी हायत की असं राजे," मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोनचार जणींनी अंबुबाईकडं वळून बघितलं. अंबुबाई राण्यांच्या झग्यांचं कापड न्याहाळत होती. कापड जाड होतं, पण काठ कसा विणलाय ते दिसत नव्हतं.

मग मास्तरांनी छडी पडद्यावर टेकवली. "ही दुसरी राणी. मुलगा झाला नाही, राजाचं मन उडालं. आता हिचा शिरच्छेद. राजा तिकडं तिसरीशी लग्न लावायला निघालाय."

जयाबाईनं अंबुबाईचा हात घट्ट धरला. "आक्का, खरंच मारत्यात व्हय?"

"मारत असतील," अंबुबाई म्हणाली.

आजूबाजूला बायका डोळे पुसत होत्या. अंबुबाईनं आपल्याला काही वाटतंय का ते चाचपून बघितलं. काही नव्हतं. हात जयाबाईनं धरलाय एवढं कळत होतं. घरी परतताना जयाबाई सारखी बोलत होती, अंबुबाई नुसती 'व्हय' म्हणत चालली होती.

संक्रांतीला शामू म्हणाला, "तिसरा माग घालतोय. हात कमी पडत्यात. निपाणीला एक पोरगी हाय, बघून ये."

अंबुबाई सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेली. मुलीची आई मनुबाई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. मुलगी इंदू, पंधरा वर्षांची, पाणी देऊन आत गेली. मनुबाईनं सरळ विचारलं, "आक्का, तू थोरली. माझ्या पोरीचं तितं कसं हुईल?"

आतापर्यंत अंबुबाईला असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं सांगून टाकलं. पहाटे किती वाजता उठायचं, सूत कुठं वाळवायचं, आपली पोरं कशी गेली, जयाबाईचा गर्भ तीनदा कसा पडला आणि तिसऱ्या दिवशी ती परत खळ कालवायला कशी बसली. आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही.

"मारतो का?"

"न्हाय. मारत न्हाय. बोलतबी न्हाय."

मनुबाईनं उठून चुलीवर तवा ठेवला. मग म्हणाली, "जेवून जा. पण पोरगी न्हाय देत मी."

शामूनं ऐकलं आणि विचारलं, "तू काय सांगितलंस?"

"इचारलं ते सांगितलं."

पुढच्या खेपेला त्यानं आपल्या चुलत्याला चिकोडीला धाडलं आणि रुक्माबाई घरात आली. अंबुबाईनं तिला हळद लावली, माजघरातली आपली जागा दिली आणि स्वतःचं अंथरूण सुताच्या खोलीत नेलं.

चार वर्षांनी शामूच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मजुरीवरचे विणकर दुसरीकडं गेले आणि तिन्ही माग थांबले. आठ दिवस वाट बघून अंबुबाई मागाच्या खड्ड्यात उतरली आणि आडवं सूत फेकायचा धोटा हातात घेतला. तिच्या माहितीत कुणी बाई मागावर बसलेली नव्हती. पहिली लुगडी वाकडी आली, पाचवं सरळ आलं. व्यापाऱ्यानं ते उलटून पालटून बघितलं. "हे कुणी विणलं?" "मी," ती म्हणाली. त्यानं ठेवून घेतलं. मग तिनं जयाबाईलाही शिकवलं. शामू अंथरुणावरून दोघींच्या पाठी बघत पडून असायचा. बेचाळीसच्या पावसाळ्यात तो गेला. जयाबाई आणि रुक्माबाई धाय मोकलून रडल्या. अंबुबाईनं पाणी तापवलं, माणसांना बसायला घोंगडी घातली. शेजारणी म्हणाल्या, दगड आहे बाई.

वर्षभरानं रुक्माबाईचा भाऊ आला. मच्छे गावच्या एका बिजवराशी तिचा पाट लावायचा होता. रुक्माबाई अंबुबाईपुढं मान घालून उभी राहिली. "आक्का, जाऊ का?"

"तुला जायाचं हाय का?"

रुक्माबाईनं दाराशी बसलेल्या भावाकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय."

"मग जा की."

रुक्माबाईची गाडी वळणाआड गेल्यावर जयाबाई पदरानं डोळे पुसत आत आली. अंबुबाई उंबऱ्यातच बसून राहिली. 'तुला जायाचं हाय का' असं तिला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर आपण काय म्हणालो असतो ते ती चाचपून बघत होती. ऊन पायांवर आलं तरी उठली नाही. शेवटी जयाबाईनं हाक मारली, "आक्का, भाकरी गार होत्यात." अंबुबाई म्हणाली, "आले," आणि जरा वेळानं उठून आत गेली.