टोक कुणीकडं बघतंय?

काम संपलं की चाचा गाडीच्या मागं वीस पावलं चालत जायचे, वळायचे, डाव्या हातानं डावा डोळा झाकायचे आणि विचारायचे, “टोक कुणीकडं बघून राहिलंय?”

नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा नेम धरतोय. एकदा एका डॉक्टरसाहेबांनी त्यांना चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणून सांगितलं. चाचा म्हणाले, “माझी नजर ठीक हाय साहेब. मी दुसऱ्याच्या नजरेनं बघून राहिलो.” डॉक्टर हसले. मी शेजारच्या दुकानात ब्रश धूत होतो. मला काही हसू आलं नाही, कारण मला ती दुसरी नजर कुणाची ते माहीत होतं.

नांदेडला लातूर फाट्याच्या अलीकडं आमची दुकानं चिकटून होती. माझं नंबर प्लेटचं आणि रेडियमचं, त्यांचं वेल्डिंगचं. आमची नावं सगळ्या रस्त्याला माहीत होती, पण घेत कुणी नसे. ते चाचा आणि मी पेंटर. माझा बाप हदगावकडचा शेतकरी. त्याला शेवटपर्यंत वाटायचं की नंबर रंगवणं हे काही काम नव्हे. चाचांना मात्र ते फार मोठं काम वाटायचं. “पेंटर, गाडीचं तोंड तू लिवतो,” म्हणायचे. बरं वाटायचं ऐकून. आता नंबर सरकारी साच्यातून छापून येतो आणि मी दारांवर वेलबुट्ट्या चिकटवतो. ते असो.

आपल्याकडं गळ टाकायचा नाद किती जणांना आहे ते रविवारी कळतं. डॉक्टर, कंत्राटदार, खताचे दुकानदार, सगळे काठ्या घेऊन गोदावरीकडं, नाहीतर मन्याड धरणाकडं निघतात. पूर्वी दुचाकीवर जात. मग लोकांनी जाडजूड फोर-बाय-फोर गाड्या घेतल्या आणि काठ्या कुठं ठेवायच्या हा प्रश्न पडला. आत ठेवल्या तर बायका म्हणतात मच्छीचा वास येतो. म्हणून मंडळी चाचांकडं आली.

चाचांनी पहिला साचा असा केला: मागच्या जादा चाकाला लोखंडी पट्टी, पट्टीला चार नळ्या, नळ्यांत काठ्या तिरप्या खोचलेल्या. जोडलेल्याच, गळासकट. गाडी लई ऐटीत दिसायची. तशा पाच गाड्या त्यांनी केल्या. प्रत्येक वेळी मला हाक यायची, “पेंटर, वाच!” मी मागं जाऊन उभा राहायचो आणि नंबर मोठ्यानं वाचायचो. वाचता आला म्हणजे रॅकनं पाटी झाकली नाही. पोलिसाचं भ्या नाही. आम्हा दोघांचा कायदा एवढाच होता.

त्यातली तिसरी गाडी. मी नेहमीसारखा मागं गेलो. एका काठीचं टोक माझ्या तोंडासमोर वीतभर अंतरावर हलत होतं. मी काय केलं असेल? बाजूला सरकलो आणि नंबर वाचला. “झ्याक दिसतंय चाचा.” गाडी गेली.

पुढच्याच महिन्यात मुदखेडच्या रस्त्यावर ती गाडी गतिरोधकावर थबकली आणि मागचा मोटारसायकलवाला सरकला नाही. तो कुठं सरकणार? दूधवाला होता, दोन्ही बाजूंना कॅन. काठीचं टोक त्याच्या डाव्या डोळ्यात गेलं. जीव वाचला, डोळा गेला.

केस गाडीवाल्यावर झाली. चाचांचं नाव कुणी घेतलं नाही आणि माझं तर घ्यायचं कुणाला सुचलंही नसतं. चाचा दवाखान्यात गेले, मलाही नेलं. पलंगावरचा माणूस तिशीतला होता. चाचांनी स्वतःच सांगितलं, ते काम माझ्या हातचं. त्यावर तो म्हणाला, “तुमची काय चूक चाचा, मीच लई जवळून चालून राहिलो होतो.” त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. जिन्यात चाचा म्हणाले, “त्यानं माफ केलं न्हाई पेंटर. त्यानं माझा गुन्हाच काढून घेतला. आता मी काय करू?” मला लाज वाटत होती. मी सरकलो होतो ते तेव्हा मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी एक नवल केलं. ते आपल्या पायांनी आरटीओत गेले. कुणी पकडलेलं नसताना कायदा विचारायला आलेला माणूस तिथं पहिल्यांदाच दिसला असावा. एका खिडकीवरून दुसरीकडं, तिथून तिसरीकडं. एकानं विचारलं, “गाडी कुठली अडकली?” चाचा म्हणाले, “गाडी न्हाई, मी अडकलो.” शेवटी एक निरीक्षक चहाला बाहेर आले, त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं: नंबर झाकायचा नाही, दिवे झाकायचे नाहीत, गाडीच्या बाहेर काही निघू द्यायचं नाही, आणि गाडीच्या मूळ बांध्याला हात लावायचा नाही. चाचांनी ते मला त्यांच्या भिंतीवर लिहायला लावलं. तिसरं वाक्य लाल रंगात.

मग नवा साचा आला. टपावर चार काळे प्लास्टिकचे पाइप, गाडीच्या लांबीपेक्षा हातभर आखूड, मागून घट्ट टोपण. काठ्या सुट्या करून, गळ काढून आत सरकवायच्या. खाली पकडी, पकडीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, दोन-दोन नट. छताला भोक पाडायचं नाही. “टाळूला भोक पाडून कुणी टोपी शिवतं का?” म्हणायचे. बसवून झालं की गिऱ्हाइकाला खड्ड्याखड्ड्यातून एक चक्कर मारायला लावायचे आणि आल्यावर सगळे नट परत आवळायचे. कुणी म्हणालं, पुढं लोखंडी गार्ड बसवा आणि त्याला काठ्या लावा, की उत्तर ठरलेलं, “गार्ड कायद्यानं बंद हाय. आणि कायद्यानं नसतं तरी माझ्याकडं बंद हाय.” गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जायचं. चाचा त्याच्या पाठीला सलाम करायचे.

ह्या पाइपांनी एकदा घोटाळाही केला. आमच्याकडं मासे धरायला जाणं म्हणजे ‘शिकारीला जाणं’. जुने लोक तसंच म्हणतात. एक कंत्राटदार किनवटकडं निघाला होता. जंगलाच्या नाक्यावर वनरक्षकानं टपावरचे काळे नळे बघितले आणि विचारलं, कुठं? ड्रायव्हर भोळा, म्हणाला, “साहेब, शिकारीला.” झालं! गाडी बाजूला. दोन तासांनी चाचांना फोन आला. चाचा फोनवर ओरडत होते, “अहो बंदुका न्हाईत बाबा, मच्छीची शिकार हो, मच्छीची!” तेव्हापासून प्रत्येक पाइपावर मी रेडियमची अक्षरं चिकटवू लागलो: ‘फक्त मासे’.

पण चाचांच्या डोक्यात जुन्या पाच गाड्या होत्या. अपघातवाल्याचा रॅक त्यानंच काढून फेकला. दोघं नांदेडातले, बोलावल्यावर आले. चौथा बिलोलीचा, तो फोनवर म्हणाला, मला जुनाच शोभतो. चाचा नवा रॅक काखोटीला मारून एसटीत चढले, तर पाइप खिडकीतून बाहेर. कंडक्टर खवळला, “ओ चाचा, टोक बाहेर हाय, चालणार न्हाई! उतरा!” चाचा इतके खूश झाले की उतरून त्यांनी त्याला हात जोडले. पुढं आठ दिवस सांगत होते, अख्ख्या जिल्ह्यात एकच शहाणा माणूस आहे आणि तो एसटीत आहे. मग टेम्पोनं गेले. बिलोलीवाल्याला त्याच्याच गाडीच्या मागं उभं केलं, डोळा झाकायला लावला आणि म्हणाले, “आता गाडी चालू कर म्हण ड्रायव्हरला.” त्यानं जुना रॅक त्याच दिवशी काढला.

पाचवी गाडी काही सापडली नाही. मालकानं ती विकली होती, घेणाऱ्यानं पुढं विकली, हदगावकडं गेली एवढंच कळलं. नंबर माझ्याच हातचा, त्यामुळं मला पाठ होता. चाचा बाजाराच्या दिवशी हदगावला जाऊन उभे राहायचे. मी म्हटलं, “चाचा, कुणी भंगारात घातला असेल तो रॅक.” ते म्हणाले, “घातला असंल. पण मला माहीत न्हाई ना.”

त्या दिवशी मी त्यांना सरकल्याचं सांगितलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं. चाचा म्हणाले, “हाव. मी बघितलं होतं तुला सरकताना.” आम्ही चहा मागवला.

पाचव्या गाडीसाठी त्यांनी नवा रॅक करून ठेवला होता, मापात. छातीचं दुखणं सुरू झालं तशी लातूरची मुलगी त्यांना घेऊन गेली. जाताना तो रॅक माझ्या दुकानात भिंतीला टेकवला. “पेंटर, आली तर बसव. पाना तुला धरता येतो.” पावसाळ्याआधी लातूरला ते गेले. मी मातीला गेलो होतो. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. भिंत नव्यानं रंगवली, पण उन्हात बघितलं तर तिसऱ्या वाक्याचा लाल अजून खालून दिसतो.

परवा मुदखेडचं रेल्वे गेट बंद होतं. मी स्कूटरवर. पुढं जीप, मागच्या जादा चाकाला पट्टी, चार नळ्या, नळ्यांत काठ्या. एक टोक सरळ माझ्याकडं बघत होतं. नंबर वाचला. पाटी सरकारी, पण नंबर तोच.

ह्या वेळी मी सरकलो नाही. स्कूटर तिथंच लावली आणि खिडकीशी गेलो. आत हदगावकडचे एक शिक्षक होते. म्हटलं, “सर, दोन मिनिटं मागं येता का?” ते आले. मी त्यांना टोकासमोर उभं केलं आणि दूधवाल्याचं सांगितलं. सर काठ्या काढून आत ठेवू लागले. मग म्हणाले, “दुसरा रॅक कुठं मिळतो काका?”

गाडी दुकानात आणून जुना रॅक काढला आणि भिंतीला टेकवलेला बसवला. ट्यूबचे तुकडे चाचांनी कापूनच ठेवले होते, पकडीला दोन-दोन नट लावलेले. सरांना खड्ड्यांतून चक्कर मारायला लावली, परत आवळलं.

“काम एक नंबर आहे,” सर पाइपावर हात फिरवत म्हणाले. “कुणी बनवलंय?”

“शेजारी आहेत आमचे एक चाचा,” मी म्हणालो. होते म्हणायला पाहिजे होतं. तोंडातून आलं नाही.

मी गाडीच्या मागं वीस पावलं मोजत गेलो, वळलो, डाव्या हातानं डावा डोळा झाकला. टोक कुठंच बघत नव्हतं. मग मी नंबर मोठ्यानं वाचला, शेजारच्या दुकानात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.