डावी पट्टी

हे मी आईला सांगितलेलं नाही. बाबांना नाही. ज्यांच्याबरोबर कार्डिफच्या थंडीत उभं राहून पत्रकं वाटली, त्यांच्यापैकी एकालाही नाही. तुम्हाला सांगतेय — तुम्हालाच का, ते विचारू नका.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी आईच्या युनियनच्या पत्रकांचा गठ्ठा असायचा. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. तिसऱ्या ओळीपर्यंत शत्रू कोण ते कळायचं. किती सोपं होतं सगळं!

माझा स्वतःचा शत्रू मला जेवणाच्या टेबलावर सापडला. बाबा हॉस्पिटलमध्ये हाडांचे डॉक्टर. सोळा वर्षं तेच काम, तीच पायरी. वरच्या जागेसाठी त्यांचा इंटरव्ह्यू झाला, तेव्हा त्यांच्या वरचा मोठा डॉक्टर, त्यांचा कन्सल्टंट, पॅनेलसमोर म्हणाला, "हात उत्तम आहेत त्यांचे, पण लोकांना विश्वास वाटायला हवा ना." पॅनेलवरच्या कुणीतरी ते बाबांच्या कानावर घातलं. बाबांनी ते आम्हाला हसत हसत सांगितलं आणि वरणभात कालवत राहिले.

ते हसणं मी माफ केलं नाही. बाबांना नव्हे — त्या कन्सल्टंटला.

एकोणिसाव्या वर्षी मी शनिवारची नोकरी धरली, ती बंदुकीच्या दुकानात. हो, शिकारीविरुद्ध पत्रक लिहिणारी मी! दुसरीकडे कुठे मिळाली नाही, एवढंच. तिथे एम्रिस होते. साठी ओलांडलेले, वेल्श, बोटांना कायम जवसाच्या तेलाचा वास. बंदूक माणसाच्या अंगाला बसवून देणं हे त्यांचं काम. शिंपी कोट बसवतो ना, तसं. मला ते मन लावून शिकवत. माझ्या पत्रकांची टिंगलही करत. तिकडचे म्हातारे पोरीबाळींना लाडाने 'लव्ह' म्हणतात. म्हणत, "लव्ह, क्रांतीच्या आधी तेवढा चहा टाक."

त्यांनी शिकवलेल्या दोन गोष्टी तुम्हाला माहीत हव्यात. नव्या सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनमध्ये दस्ता आणि बंदुकीचं धड यांच्यामध्ये एक पातळ पट्टी बसते. उजव्या हाताच्या माणसाला उजवी, डावखुऱ्याला डावी. चुकीची बसली तर नेम बाजूला जातो आणि बार उडाला की दर वेळी लाकूड गालफडावर आपटतं. दुसरं म्हणजे, नवी बंदूक आखडलेली असते. तिच्या स्प्रिंगा ताठ, आत कारखान्याचं चिकट तेल. ते पुसून आधी जड काडतुसं झाडायची, ती मोकळी होईपर्यंत. सुरुवातीलाच हलकी घातली की रिकामं काडतूस बाहेर पडत नाही, आत अडकून बसतं.

आणि एका शनिवारी तो आला. बाबांचा कन्सल्टंट. नवीकोरी बंदूक घेऊन. हॉस्पिटलच्या मदतनिधीसाठी हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेमबाजी होती, पुढच्याच रविवारी. पावतीवर त्याचं नाव लिहिताना मला कळलं; त्याने मला ओळखलं नाही. ओळखणार कसा, बाबांच्या घरी तो कधी आलाच नव्हता.

माप घ्यायची रीत अशी — बंदूक रिकामी आहे हे दोघांनी दोनदा बघायचं, मग गिऱ्हाइकाने ती उचलून समोर उभ्या असलेल्या कारागिराच्या डोळ्यावर रोखायची. कारागीर नळीवरून त्याच्या डोळ्यातली बाहुली बघतो. एम्रिसनी बघितलं. मग मला पुढे केलं, "ये, तूही बघ." मी उभी राहिले. नळीच्या पलीकडे त्याचा निळा डोळा होता, माझ्यावर रोखलेला, आणि त्या डोळ्यात मी कुठेच नव्हते.

तुम्ही काय केलं असतं? नको, सांगू नका.

एम्रिसनी उजवी पट्टी निवडली, माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले. मी ती खिशात टाकली. ड्रॉवरमधून डावी काढली, बसवली, स्क्रू आवळला. चिकट तेल पुसलं नाही. फळीवरची सगळ्यात हलकी काडतुसं पुढे केली आणि म्हणाले, "तयार आहे, सर."

त्या रविवारी बाबा मदतीला गेले होते. घरी आले ते हसतच, पण हे हसणं वेगळं होतं. कन्सल्टंटची बंदूक दर दुसऱ्या बाराला अडकत होती. एकही चकती फुटली नाही. गाल वांग्यासारखा झाला. हॉस्पिटलचे पोर्टरसुद्धा तोंड फिरवून हसत होते म्हणे. मी बाबांना आणखी पोळी वाढली. मला आनंद झाला. आजही होतो. तो भाग मी कबूल करत नाहीये, नुसता सांगतेय.

कबूल करायचं ते पुढे आहे.

पुढच्या शनिवारी कन्सल्टंटने बंदूक दुकानाच्या काउंटरवर आपटली. मालक धावत आले. एम्रिसनी दस्ता सोडवला, पट्टी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून उजेडात धरली. बराच वेळ. मग माझ्याकडे वळले. संशयाने नव्हे हो — संशय असता तर बरं झालं असतं. घाबरून.

"लव्ह, मी तुला ही दिली होती?"

त्या वेळी उजवी पट्टी माझ्या कोटाच्या खिशातच होती. तिच्यावर बोट ठेवून मी म्हणाले, "हो. हीच."

आणि काडतुसं? तीही तुम्हीच सांगितलीत, मी म्हणाले. मला थांबता येत नव्हतं.

तेव्हा कन्सल्टंट मालकाला म्हणाला, "हात चांगले असतील म्हाताऱ्याचे, पण लोकांना विश्वास वाटायला हवा ना."

तेच वाक्य! जवळजवळ शब्दन् शब्द. ज्या वाक्यासाठी मी हे सगळं केलं, ते मी माझ्या हाताने पुन्हा त्याच्या तोंडात दिलं.

मालकांनी एम्रिसना काढलं नाही, त्यांना तशी गरजच पडली नाही. महिनाभर एम्रिस प्रत्येक पट्टी तीन-तीनदा तपासत राहिले, मला विचारत राहिले, "बघ गं, बरोबर आहे ना?" ऑप्टिशियनने डोळे ठीक आहेत म्हणून सांगितलं. त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. एक दिवस हत्यारं फडक्यात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली आणि काम सोडून गेले.

त्याच महिन्यात मी पत्रक लिहिलं — म्हाताऱ्या कामगारांवर मालक आपल्या चुका कशा ढकलतात, त्याबद्दल. सभेत वाचलं. टाळ्या पडल्या. आईने ते मिसळणाच्या डब्याशेजारच्या गठ्ठ्यात वर ठेवलं.

मागच्या हिवाळ्यात एम्रिस वारले. चर्चमध्ये त्यांची मुलगी म्हणाली की शेवटपर्यंत त्यांना वाटायचं, आपले डोळे त्या वर्षी गेले. मी मान हलवली. तिथेही.

एम्रिस, तुमचे डोळे ठीक होते. तुम्ही मला उजवी दिली होती.