बबीन्याच्या रस्त्यावरची ती एक वाटी

नमस्कार मंडळी. या पानावरचे अनुभव मी बरेच दिवस वाचतो आहे आणि खरं सांगायचं तर हसायला मिळावं म्हणूनच वाचतो. तेहेतीस वर्षं सिविल लाइन्समधल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. कोणी म्हणालं की पिंपळाखालून हाक आली, तर मी आधी विचारणार - वारा कुठल्या दिशेनं होता? बायको म्हणते, तुमच्याशी भूतसुद्धा बोलायला यायचं नाही, आधी त्याचं वजन विचाराल. तर असा मी माणूस, आणि आज मीच लिहायला बसलो आहे. झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यामुळे आमच्या मराठीत हिंदीची फोडणी असते, तेवढी चालवून घ्या.

यात माणसं मोजकीच आहेत. मी, माझा मित्र महेश साहू, आणि बावीस वर्षांपूर्वी गेलेली माझी आत्या.

महेश जातीचा हलवाई. लग्नकार्यांचा स्वयंपाक हा त्याचा धंदा, पाचशे पानांची पंगत म्हणजे त्याला किरकोळ. आमची दोस्ती सहावीपासूनची. दर शनिवारी आम्ही दोघं खायला बाहेर पडतो, हे गेली पंधरा-सोळा वर्षं चालू आहे. नियम ठरलेले. दर वेळी नवी जागा. बड्या बाजारातली कचोरी असो, स्टेशनजवळचा डोसा असो, कोणी नवा पोरगा मोमोची गाडी लावो... आम्ही जाणार. मागवायची एकच प्लेट, चमचे दोन, आणि पहिला घास महेशचा. तो डोळे मिटून घास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. धने जुने आहेत. हिंग फोडणीत नाही, नंतर टाकलाय. तेल कालचं आहे. एकदा तर सांगितलं की आचारी बदललाय, आणि मालकानं खरंच कान पकडले! मी नुसता खाणारा. पण त्या शनिवारांनी मला जितकं सुख दिलं तितकं पेन्शननंही दिलेलं नाही.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात महेश स्कूटरवरून पडला. डोकं मागच्या बाजूनं आपटलं. बाकी सगळं ठीक झालं, पण वास गेला. आता वास गेला की चव जातेच, हे मी मुलांना नाक दाबून कांदा खायला लावून शिकवत असे. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू एवढं कळतं, बाकी सगळी मजा नाकाची. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही, सांगता येत नाही.

"का बताएँ पंडत, ऐसो लगत जैसें पुट्ठा चबा रए," महेश म्हणायचा. त्याची बोली बुंदेली, आणि मला तो लहानपणापासून पंडतच म्हणतो.

शनिवार आम्ही सोडले नाहीत. फक्त काम उलटं झालं. आता पहिला घास माझा, आणि चव मी त्याला बोलून दाखवायची. मी कसला बोलणार? "आंबट आहे... म्हणजे बऱ्यापैकी आंबट." तो हसायचा, "वा पंडत, क्या वर्णन है!" हसायचा खरा, पण प्लेट माझ्याकडे सरकवायचा. मला ते बघवत नसे. दहा महिने गेले. त्यानं दोन लग्नांची कामं केली आणि दोन्हीकडे नातलगांची बोलणी खाल्ली. मग एक दिवस शांतपणे सांगितलं की कढया, पातेली, झारे सगळं विकतो आहे. झाशीजवळच्या बबीन्यात एक गिऱ्हाईक ठरलं होतं. शनिवारी जाऊन त्याला होकार द्यायचा. मी म्हणालो, मी पण येतो. रस्त्यात काहीतरी खाऊ, शनिवार आहे ना.

आता थोडं आत्याबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आई लवकर गेल्यामुळे मला आत्यानं वाढवलं. आजोबा पुरोहित, आमच्या घरी त्यांचं कडक सोवळं, आणि आत्याचं त्याहून कडक. नैवेद्य दाखवल्याशिवाय तिनं कधी आमटीचा थेंब हातावर घेऊन चाखला नाही. देवाआधी आपण उष्टं कसं करायचं? सगळं वासावर, रंगावर आणि हाताच्या अंदाजावर. आणि मीठ कधी चुकलं नाही. महेश शाळेतून माझ्याबरोबर यायचा, पण पायरीपर्यंतच. लाडू, चिवडा त्याच्या हातावर मिळायचा. शिजवलेलं अन्न, वरण, भात, आमटी कधीच नाही. मी आत पाटावर जेवायचो आणि तो बाहेर पायरीवर बसून माझी वाट बघायचा. मला त्या वयात त्यात काही वाटलं नाही, याची आज लाज वाटते. तो मात्र विषय निघाला की एवढंच म्हणायचा, "तुम्हारे यहाँ की छौंक सड़क तक महकती थी यार."

आत्याच्या आमटीत एक गुपित होतं. एका उन्हाळ्यात घरातला गूळ ऐन वेळी संपला, तेव्हा तिनं मला मागच्या दारानं बड्या बाजारात पिटाळलं आणि वाळवलेला महुआ आणायला सांगितला. मोहाची फुलं हो, मनुकांसारखी दिसतात. पुरोहिताच्या घरात महुआ! ज्याची दारू गाळतात तो! आजोबांना कळतं तर त्यांनी पातेलं अंगणात उलटं केलं असतं. तिनं तो भिजवून, कुस्करून आमटीत घातला आणि आजोबांनी दोनदा मागून घेतली. तेव्हापासून ती मूठभर महुआ घालतच राहिली. "कुणाला बोलायचं नाही," ती म्हणाली होती. मी बोललो नाही. बायकोलाही नाही. आत्या गेल्यावर ती कितीदा तरी म्हणाली, तुमच्या आत्याच्या आमटीत काय असायचं हो, मला काही जमत नाही. मी गप्प. दहा वर्षांच्या पोरानं दिलेला शब्द होता, पण दिला होता.

तर तो शनिवार. साधारण साडेबारा वाजले असतील, लख्ख ऊन. बबीन्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक नवा ढाबा दिसला. पत्र्याची शेड, चार टेबलं, बाजूला कडुनिंब. मालक निवृत्त फौजी, मोठ्या मिशा, आणि आत स्वयंपाकाला त्याची बायको. समोरून सैन्याचे ट्रक जात होते. आम्ही एक थाळी मागवली. तुरीची दाल, आलू-बैंगन, रोट्या, कांदा. मी नेहमीप्रमाणे पहिला चमचा दालीचा घेतला. साधी दाल. हळद जरा जास्त, वर कोथिंबीर. म्हणालो, "दाल है, भाई. जैसी होती है."

महेशनं रोटीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला... आणि थांबला.

मला वाटलं खडा लागला. त्यानं डोळे मिटले. दहा महिन्यांत त्यानं खाताना डोळे मिटले नव्हते हो! मग अगदी हळू म्हणाला,

"पंडत... जा दार में महुआ डरो है."

या दालीत महुआ? मी म्हणालो, "क्या?"

"महुआ. भिगो के मसल दओ है." तो बोलतच होता, डोळे मिटलेले. चिंच आहे. मेथीदाणे काळे होईस्तोवर तळलेत, पण जळू दिलेले नाहीत. सुकं खोबरं भाजून घातलंय. "और वो काला मसाला... तुम्हारे घर वाला. जो सड़क तक महकता था."

मंडळी, ही तर आत्याची आमटी. त्याच वाटीतून मी आत्ता चमचा घेतला होता. मी परत घेतला. हळद, कोथिंबीर. साधी दाल!

"मुझे क्यों नहीं आ रहा?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण फौजी टेबलापाशी आला. मी त्याला विचारलं, दालीत महुआ घालता का?

"महुआ? नईं साब, हमाए इते महुआ को का काम?" त्याला वाटलं मी दारूबद्दल विचारतोय. "हम तो छूते तक नईं."

मी उठून थेट चुलीपाशी गेलो, मास्तरकीची सवय. एकच पातेलं, सगळ्या टेबलांना त्यातूनच. फौजीच्या बायकोनं सगळे डबे उघडून दाखवले, बिचारी घाबरली होती. चिंच नव्हती. खोबरं नव्हतं. मी दुसरी वाटी भरून आणली आणि महेशपुढे ठेवली. त्यानं चाखली, मान हलवली. पुठ्ठा. पहिल्या वाटीतली पुन्हा घेतली, आणि त्याचे डोळे भरून आले. त्यानं ती वाटी बोटानं पुसून संपवली. शेवटचा थेंब मला दे म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मला त्यात नुसती हळदच लागणार होती. तो जेवत होता आणि मी बघत होतो. लहानपणी हे उलटं असायचं, ते तेव्हा लक्षात आलं.

बबीन्याला आम्ही गेलो नाही. गिऱ्हाइकाचे चार फोन आले. महेशनं पाचवा उचलला आणि सांगितलं, "भैया, माफ करना, कढ़ाई नहीं बेचनी." परत येताना स्कूटर मी चालवत होतो. पुढच्या ट्रकच्या धुरानं मी नाक दाबलं, तर मागून हा ओरडतोय, "डीज़ल! पंडत, डीज़ल आ रहा है!" आयुष्यात डिझेलचं इतकं कौतुक मी कुणाला करताना ऐकलेलं नाही.

वास एकदम नाही आला. आधी डिझेल, मग कांदा, मग साबण, असा तीन-चार महिन्यांत परत आला. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, नस जुळून येताना मेंदू कधी कधी नसलेले वास दाखवतो. पटण्यासारखं आहे. रस्त्यापर्यंत येणारी फोडणी त्याच्या डोक्यात होतीच. पण महुआ? तो फोडणीत नसायचा, शेवटी आमटीत विरघळायचा. त्याचा वास पायरीपर्यंत कधी गेला असेल असं मला नाही वाटत. आणि तोही नेमका भिजवून, कुस्करून?

लग्नसराई सुरू व्हायच्या आधी महेश एका रविवारी सकाळी आमच्या घरी आला. हातात पुडी, पुडीत महुआ. "आज तुम्हारी रसोई हमारी," म्हणाला. आमच्या घरी आता कसलं सोवळं नाही, तो शेकडो वेळा जेवला आहे. पण ओट्यापाशी कधी उभा राहिला नव्हता. बायकोनं काळा मसाला काढून दिला. मी दारात खुर्ची टाकून बसलो.

महेशचा स्वयंपाक मी आयुष्यभर पाहिला आहे. दर दोन मिनिटांनी पळीतला थेंब तळहातावर, तळहात तोंडाला. त्याशिवाय त्याला पुढे जाताच येत नाही. त्या दिवशी त्यानं आमटी उकळली, मीठ घातलं, महुआ घातला, झाकण ठेवलं, गॅस बंद केला. ओगराळ्यानं माझ्या वाटीत वाढली.

मी पहिला घास घेतला आणि मला पुढे जेवता आलं नाही. बावीस वर्षं. मीठसुद्धा तिचंच. एकसष्ट वर्षांचा माणूस मी, ताटापुढे बसून लहान मुलासारखा रडलो, सांगायला लाजत नाही. बायकोनं घास घेतला आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग तिला महुआचं सगळं सांगावंच लागलं.

नंतर मी महेशला विचारलं, "तूने चखी क्यों नहीं?"

तो स्वतःच दचकला. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. बराच वेळ तळहाताकडे बघत राहिला. "हात ई नईं उठो," म्हणाला. "ऐसो लगो, कोऊ डाँटहै." म्हणजे, कोणीतरी रागावेल असं वाटलं.

आत्या न चाखता रांधायची, हे मी त्याला कधी सांगितलं होतं का? पन्नास वर्षांच्या गप्पांत सांगितलंही असेल. मला आठवत नाही, त्यालाही नाही.

एक गोष्ट मात्र मी त्याला नक्की सांगितली नव्हती, कारण सांगायची मला हिंमत नव्हती. ती त्या दिवशी ताटावर सांगितली. शेवटच्या आजारपणात आत्या एका दुपारी मला म्हणाली होती, "त्या महेशला मी कधी पानावर बसवलं नाही रे. पायरीवरच ठेवलं पोराला. त्याचं वाढायचं राहिलं." मी तेव्हा म्हणालो होतो, आत्या, तो विसरला असेल. ती म्हणाली, मी कुठे विसरले.

मी डोळे पुसत होतो. मग महेशनं ओगराळं उचललं, स्वतःच्या वाटीत आमटी घेतली, आणि त्याचं नेहमीचं हसू त्याच्या तोंडावर आलं.

"सो आत्याजी ने हमें बैठारो बी तो किते," तो म्हणाला, "ढाबा पे!"

आत्यानं अखेर पानावर बसवलं, तेही ढाब्यावर! हसून हसून पुन्हा रडू आलं आम्हाला. आता त्याचा धंदा जोरात चालू आहे, आणि शनिवारही चालू आहेत. पहिला घास परत त्याचा. त्या ढाब्यावर नियम मोडून आम्ही दोनदा जाऊन आलो. दाल साधीच असते, हळद जरा जास्त.

मुलांनी उत्तरपत्रिकेत 'माहीत नाही' लिहिलं तर मी सरळ शून्य देत असे. आज कुणी मला विचारलं की त्या वाटीत काय होतं, तर माझंही उत्तर तेच आहे. माहीत नाही. द्या शून्य.