पेजेतली साखर

शहापुरात माझ्या बहिणीच्या, आक्काच्या सासरी माग होते. ताण्याच्या उभ्या सुताला लावायची तांदळाची खळ रोज सकाळी शिजायची. ती किडू नये म्हणून मोरचूद घालण्याआधी त्यातली तांब्याभर पेज मीठ टाकून बाजूला काढायची, असा त्या घराचा रिवाज होता. ती पेज सुनेची.

डॉक्टरांनी आक्काला मधुमेह सांगितला, तेव्हा सासूनं तिच्या चहातली साखर त्याच दिवशी बंद केली आणि गल्लीभर सांगितलं. भात आणि पेजही बंद, हे डॉक्टरांचं वाक्य तिनं ऐकलंच नाही. गोळ्या चालू होत्या, पेज चालू होती. आक्का वाळत चालली.

मी निपाणीत शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो. एका रविवारी गेलो.

"मावशी, ही पेज म्हणजे साखरच आहे," मी आक्काच्या सासूला म्हणालो. "साखरेचे कण एकाला एक जोडलेले."

"चाखून बघा की, पावणं. कुठं गोड लागती?"

"जोडलेली असते तोवर लागत नाही. पोटात सुटी होते."

मी मागावरची कांडी उचलली. सूत आणि पेज एकाच साखरेची, हे तिला सांगितलं. पेजेत सगळे कण एकाच बाजूला तोंड करून जोडलेले असतात, म्हणून त्यांची साखळी कांडीवरच्या दोऱ्यासारखी गुंडाळत जाते. पोटातला रस ती सहज सोडवतो. सुतात एकाआड एक कण उलटा, म्हणून साखळी ताण्यासारखी सरळ, आणि शेजारच्या साखळ्यांना घट्ट धरून. माणसाच्या पोटाला ती सुटत नाही.

सासूनं मागाकडं बघून मुलाला हाक मारली. "ऐकलंस का रं? लई शिकल्यात पावणं. पेज नको, सूत चारा म्हणत्यात! उद्यापास्नं कांडीच देतो हिला."

दाजी हसले. माग थांबवला नाही. आक्काही पदर तोंडाला लावून हसली. त्या घरात न हसून तिला चाललं नसतं.

"तिला थोडे दिवस माझ्याकडं पाठवा."

"आणि ताण्याला खळ कोण पाजणार? तुमची साखळी?"

पाठवली नाही.

पुढच्या वर्षी आक्का गेली. आई-आप्पा नव्हते, म्हणून तिच्या अंगावर घालायची माहेरची साडी मी घेऊन गेलो. कोरी, खळीनं कडक. मी ती दारातल्या बादलीत, तिच्या अंघोळीसाठी तापवलेल्या पाण्यात बुडवली. पाणी गढूळ झालं. ओतून दिलं, दुसरं घेतलं.

"पावणं, हे काय? कोरीच घालत्यात," सासू म्हणाली. "तिरडी कवाची बांधून झालीया. माणसं खोळंबल्यात."

"पेज काढतोय, मावशी."

या वेळी कुणी हसलं नाही. दाजींनी साडीसाठी हात पुढं केला. पाणी नितळ येईपर्यंत मी ती सोडली नाही.