चालू हाय ना?

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं विचारलंत तर मी माझ्या मावशीच्या यजमानांकडे बोट दाखवीन. आणि जगातली कुठलीही गोष्ट आपण जाऊन बघितल्याशिवाय चालू राहू शकते यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, हेही त्याच दमात सांगेन.

काका शहापूर तालुक्यात, भातसा नदीच्या अगदी काठी राहत. चुलीवर भात चढला की ते पुन्हापुन्हा झाकण उचलून बघत. "अवो, वाफ जाते ना सगळी!" मावशी ओरडायची. "शिजतोय. चालू हाय," काका शांतपणे कळवत. त्या घरात पुरता शिजलेला भात मी कधी खाल्ला नाही. वाल पेरले की दोन दिवसांनी ते मूठभर दाणे उकरून कोंब फुटला का पाहत, परत मातीत घालत आणि पुढे नेमके तेवढेच उगवले नाहीत की बियाण्याला नावं ठेवत. गाढ झोपलेल्या पाहुण्याला हलवून "झोप लागली ना रे?" असं विचारणारा दुसरा गृहस्थ माझ्या पाहण्यात नाही. भिंतीवरचं घड्याळ सारखं थांबायचं. मावशीने तक्रार केली की काका ते खाली काढून कानाला लावत, आणि त्या हिसक्याने ते टिकटिकू लागे. "चालू हाय की गो! तुला उगाच संशय." त्यांची पाठ वळली की घड्याळ थांबायचं. बंद घड्याळ काकांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

नव्वदच्या दशकात मी मुरबाडकडच्या आमच्या पाड्यावरून शहापूरला कॉलेजात आलो. आमच्या घरात इतकं शिकलेलं कोणीच नव्हतं. दर बाजाराच्या दिवशी काका सायकल मारत माझ्या खोलीवर येत आणि दारातूनच विचारत, "काय रे पोरा, चालू हाय ना?" काय चालू, ते सांगत नसत. मी "हो" म्हणायचो. "बरं" म्हणाले की सायकल वळलीच, पाणीसुद्धा घेत नसत. शेजारच्या खोलीतली पोरं ओरडायची, "अरे, तुझा मीटर बघणारा आला!"

पदवी मिळाली, संगणक शिकलो आणि काही वर्षांनी एका लहानशा कंपनीत तात्पुरता चिकटलो. आज ज्याला ॲप म्हणतात तसलं काहीतरी आम्ही बटणांच्या मोबाइलसाठी बनवत होतो. धरणातून पाणी सोडायचं ठरलं की नदीकाठच्या गावांतले फोन जोरात वाजावेत, एवढंच त्याचं काम. पण ते फोनमधल्या फोनमध्ये गुपचूप बंद पडे, आणि बंद पडलेलं ॲप "मी बंद पडलो" असं सांगणार कसं? ते ओळखण्याचं काम माझ्याकडे आलं. मी अशी सोय केली की चालू असेपर्यंत ॲपने ठरावीक वेळाने आमच्या संगणकाला खूण पाठवायची. खूण आली नाही की समजायचं, बंद पडलं. चाचणीसाठी काठाकाठाने फोन दिले. चाचणी पार पडली तर माझी नोकरी पक्की होणार होती. एक फोन मी काकांना दिला आणि म्हणालो, "यातलं ॲप चालू राहतं का, ते बघायचंय." असलं वाक्य काकांपुढे कोणी बोलतं का?

एकेक करून सगळे फोन मुके झाले. काकांच्या फोनची खूण मात्र येतच राहिली. साहेब खूश. म्हणाले, "एक फोन इतका टिकला, म्हणजे ॲप ठीक आहे. बाकीच्या फोनांतच खोट असणार. वाटून टाकू गावांत." मला काही ते पटेना. काकांकडे गेलो, तर ते ओटीवर फोन घेऊन बसलेले. बटण दाबून त्यांनी ॲप उघडलं. "बघ, चालू हाय." जरा वेळाने पुन्हा उघडलं.

"जेवताना पण तेच," मावशी म्हणाली. "भाताचं झाकण सुटलं, आता याचं लागलंय."

"काका, उघडलं की ते नव्याने सुरू होतं," मी म्हणालो. "तुम्ही बघता म्हणून ते चालू दिसतं."

"मग चांगलंच हाय की! बंद कशाला पडू द्यायचा?"

"आणि तुम्ही शेतावर असताना पाणी सोडलं तर?"

काकांनी नदीकडे पाहिलं.

मी साहेबांना खरं ते सांगितलं. वाटप थांबलं, माझं पक्कं होणंही थांबलं. दुरुस्ती करून पुन्हा चाचणी ठरली. काकांचं घर नदीला सर्वांत जवळ, त्यामुळे फोन तिथेच ठेवणं भाग होतं. फोनवर काकांना काही समजावणं अशक्य, "चालू हाय ना? बरं," म्हणून मी तोंड उघडायच्या आत ते ठेवून देत. म्हणून पत्र लिहिलं.

"ती. काकांना सा. न.

फोन भिंतीतल्या देवळीत ठेवा आणि त्याला हात लावू नका. ॲप बंद पडलं तर पडू द्या. ते कोणी न बघता चालायला हवं, कारण तुम्ही घरी आहात की नाही हे पाणी विचारणार नाही. तुम्हाला हे जड जाईल, तरी एवढं कराच.

कॉलेजात असताना माझं शिक्षणही मधेमधे बंद पडायचं. एकदा तर मी वह्या बांधून वीटभट्टीवर निघालो होतो. तेवढ्यात तुम्ही दारात येऊन विचारलंत. माझ्या तोंडून 'हो' गेलं आणि मग वह्यांची गाठ परत सोडून अभ्यासाला बसावं लागलं. तुम्हाला वाटलं, चालूच आहे.

आता नोकरीचं काय होईल ते माहीत नाही. ॲपकडे बघू नका, पण मला फोन करत जा. मला अजून कोणी न बघता चालता येत नाही."